एम.एस्सी. (कृषी) करताना इंटर्नशिप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या महाविद्यालयात पदव्युत्तर मुलामुलींच्या इंटर्नशिपचं काम माझ्या गळ्यात पडलं, तेव्हापासून माझ्या फोनवर ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. काही जण व्हॉट्सॲपवर विचारतात, काही कॅन्टीनमध्ये गाठतात, आणि काहींचे पालक गावाहून थेट फोन करतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांतले आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांतले विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. विद्यापीठागणिक कागदपत्रांची पद्धत थोडी बदलते, तेव्हा सही करण्याआधी आपल्या विभागाचे पदव्युत्तर नियम एकदा वाचून घ्या.

१. बी.एस्सी.ला रावे (ग्रामीण कृषी कार्यानुभव) केलं, कृषिदूत म्हणून गावात राहिलो, पेपरात फोटोही आला. आता एम.एस्सी.ला पुन्हा तेच कशाला?

कारण ते तेच नाही. रावेमध्ये तुम्ही गटानं जाता, गावाची पाहणी करता, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक दाखवता. चूक झाली तरी फारसं कुणाचं बिघडत नाही. एम.एस्सी.च्या इंटर्नशिपमध्ये तुम्ही एकटे असता आणि तुम्ही भरलेल्या आकड्यांवर कुणीतरी पैशांचा निर्णय घेणार असतं. मातीच्या नमुन्यावर नंबर चुकीचा पडला तर एका शेतकऱ्याच्या हातात दुसऱ्याच्या शेताचा खतांचा सल्ला पडतो. ही जबाबदारी पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा झोप उडते. ती नोकरीच्या पहिल्या महिन्यात उडण्यापेक्षा शिकताना उडालेली बरी.

२. इंटर्नशिप सक्तीची आहे का? क्रेडिट मिळतात का?

सक्तीची नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सध्याच्या आराखड्यात एम.एस्सी.ला एकूण ७० क्रेडिट आहेत. मुख्य विषयाचे २०, गौण विषयाचे ८, पूरक विषयांचे ६, सामाईक कोर्सचे ५ आणि सेमिनारचा १ मिळून ४०, आणि उरलेले ३० थिसिसच्या संशोधनाचे. सुट्टीत महिना-दीड महिना कुठे काम करून आलात तर ते या ७०मध्ये धरलं जात नाही. बायोडेटात दिसतं, गुणपत्रिकेत दिसत नाही. क्रेडिटची इंटर्नशिप हवी असेल तर तिची वाट एकच, ती पुढच्या प्रश्नात.

३. ‘आयडिया’ घेतली की थिसिस लिहावा लागत नाही, हे खरं का?

अर्धं खरं. ‘इंटर्नशिप फॉर डेव्हलपमेंट ऑफ आंत्रप्रेनरशिप इन ॲग्रीकल्चर’ या लांबलचक नावाचं लघुरूप म्हणजे आयडिया. थिसिसच्या ३० क्रेडिटऐवजी उद्योगात प्रत्यक्ष काम करण्याचा हा पर्याय आहे. त्यातले २० क्रेडिट कामाचे आणि १० अहवालाचे. अहवालावर थिसिससारखीच तोंडी परीक्षा होते. मुख्य मार्गदर्शक विद्यापीठातलेच राहतात आणि सहमार्गदर्शक किंवा सल्लागार समितीतला एक सदस्य कंपनीतला असतो. काम कंपनीत चालतं, शैक्षणिक आधार विद्यापीठ देतं, आणि त्यासाठी दोघांत सामंजस्य करार करण्याची सोय आहे. कोणत्याही वेळी निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांना हा पर्याय घेता येत नाही. म्हणजे विभागात तुम्ही आठ जण असाल तर फार तर चौघे.

‘लिहायचं नाही’ या आशेनं येणाऱ्यांना मी सरळ सांगतो की १० क्रेडिटचा अहवाल म्हणजे चार पानी निबंध नव्हे. शिवाय प्रयोगाच्या प्लॉटवर पाऊस पडला नाही तर निदान पावसाला दोष देता येतो, कंपनीच्या प्रकल्पात तीही सोय नाही.

४. आयडिया घेतली तर पुढे पीएचडीला अडचण येईल का?

पीएचडी मनात पक्की असेल तर थिसिसच घ्या, हे माझं स्पष्ट मत. आयडियाची कल्पनाच मुळी अशी आहे की ३० क्रेडिटचा थिसिस संशोधन-अध्यापनात जाणाऱ्यांच्या कामाचा, आणि उद्योगात जाणाऱ्यांना किंवा स्वतःचा धंदा उभा करणाऱ्यांना दुसरं काहीतरी हवं. पीएचडीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तुमच्या एम.एस्सी.च्या प्रयोगावर येतो. मांडणी कोणती होती, किती रेप्लिकेशन (पुनरावृत्ती), क्रांतिक फरक (दोन ट्रीटमेंटमधला फरक खरा मानायला लागणारा किमान आकडा) किती आला, याची उत्तरं ज्याच्याकडे नसतात तो तिथे अवघडतो. मन दोलायमान असेल तर थिसिस ठेवा आणि सुट्टीत छोटी इंटर्नशिप करा.

५. इंटर्नशिपला कधी जावं? सगळे म्हणतात उन्हाळ्याच्या सुट्टीत.

सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा लांबण लावतो. आधी पीक ठरवा, मग महिना ठरवा. मुलं उलटं करतात. मे महिना मोकळा आहे म्हणून साखर कारखान्यात अर्ज टाकतात आणि तिथे पोचतात तेव्हा गाळप कधीच आटोपलेलं असतं. साधारण नोव्हेंबर ते मार्च हा गाळपाचा काळ. मे महिन्यात कारखान्यात दिसतं ते सुटं केलेलं यंत्र आणि देखभालीची माणसं.

नाशिकच्या द्राक्षबागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. निर्यातीची खरी धावपळ जानेवारी ते मार्चमध्ये असते. पॅकहाउस आणि औषधांच्या अवशेषांची तपासणी शिकायची असेल तर हेच तीन महिने, बाकीचे नऊ महिने शीतगृह रिकामंच बघावं लागतं. हापूसच्या पॅकिंगसाठी मार्च ते मे. मोहोरावरचा तुडतुडा बघायचा असेल तर मात्र डिसेंबर-जानेवारीत कोकणात पोचलं पाहिजे. डाळिंबाचं त्यातल्या त्यात सोयीचं, आंबे, मृग आणि हस्त असे तीन बहार, एक चुकला तर दुसरा आहे. माती परीक्षण प्रयोगशाळांत एप्रिल-मेमध्ये नमुन्यांचे ढीग लागतात, कारण रान मोकळं असतं आणि खरिपाआधी अहवाल हवा असतो. मृदाशास्त्राच्या मुलांना उन्हाळ्याची सुट्टी अशी आयती जमते.

कपाशीच्या संकरित बीजोत्पादनासाठी लागवडीनंतर दोनेक महिन्यांनी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला गेलं पाहिजे. दुपारनंतर मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलानं परागीकरण करायचं, असं रोज कित्येक आठवडे चालतं. वनस्पती पैदासशास्त्राचं पुस्तक तीनदा वाचून जे कळत नाही ते तिथे आठवडाभरात बोटांना कळतं.

आता तुमच्या स्वतःच्या प्रयोगाशी हे जुळवा. थिसिसची ट्रायल खरिपाची असेल तर मेअखेर परत या, कारण मृग निघाला की मजूर, बियाणं आणि गाईड तिघंही तुम्हालाच शोधतात. ट्रायल हरभरा, गहू किंवा रब्बी ज्वारीची असेल तर पावसाळ्यात सप्टेंबरपर्यंत हात मोकळे असतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की सत्रं पुढे सरकतात, पण पीक तुमच्यासाठी थांबत नाही. एका वर्षी एक विद्यार्थी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात इंटर्नशिपवरून परतला, सोयाबीनची पेरणी उशिरा झाली आणि शेंगा भरण्याच्या वेळी पावसानं दडी मारली. त्याचं अख्खं वर्ष वाया गेलं.

६. कंपनीत जावं की संशोधन केंद्रात?

नोकरी खासगीत करायची असेल तर कंपनी, उपकरणं आणि पद्धती शिकायच्या असतील तर केंद्र. महाराष्ट्रात केंद्रांची वाण नाही. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरी, कांदा-लसणासाठी राजगुरुनगर, डाळिंबासाठी सोलापूर, कापूस आणि लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर, जमीन सर्वेक्षणासाठीही नागपूर, कापसाच्या धाग्यावरच्या तंत्रज्ञानासाठी माटुंग्याची ‘सिरकॉट’, दुष्काळ-क्षारपड अशा अजैविक ताणांसाठी बारामतीजवळ माळेगाव. ही सगळी भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रं. उसासाठी मांजरीतच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे.

कंपन्यांत बियाण्यांसाठी जालना, छत्रपती संभाजीनगर आणि अकोला, ऊतिसंवर्धित केळी आणि ठिबकसाठी जळगाव, शेतकऱ्यांच्या मालकीची निर्यात साखळी बघायची असेल तर दिंडोरी तालुक्यातलं मोहाडी. कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षणाची मुलं नेहमी म्हणतात, ‘सर, आमच्यासाठी काहीच नसतं.’ मला उलट वाटतं. एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब आणि सभासदांचा व्यवहार बघायला माणूस मिळत नाही. तिथे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात खुर्ची मिळेल.

७. पन्नास मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

पन्नासही मेल एकच असतील, हेच चुकतंय. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम डुइंग एम.एस्सी....’ या मायन्यानं सुरू झालेला मेल दिवसाला दहा वेळा येतो. त्याऐवजी पाच ठिकाणं निवडा आणि प्रत्येकाला चार ओळी लिहा. त्यांचं कोणतं काम तुम्ही पाहिलंय, तुम्हाला कोणती तपासणी स्वतःच्या हातानं येते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात, आणि राहण्याची सोय स्वतः करणार का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण बरेच नकार खोलीपायी येतात. आठ दिवसांनी फोन करा. शेतीच्या धंद्यात मेलपेक्षा फोन चालतो आणि फोनपेक्षा किसान प्रदर्शनातल्या स्टॉलवर झालेली ओळख.

८. मुलाखतीत काय विचारतात? माझं इंग्रजी कच्चं आहे.

फील्डच्या कामाच्या मुलाखती बऱ्याचदा मराठीतच होतात, निदान निम्म्या तरी. अडतात मुलं ती इंग्रजीवर नाही, साध्या गणितावर. एकरी २० किलो नत्र द्यायचं तर युरिया किती? युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस किलो. उत्तर दहा सेकंदांत यायला हवं. डीएपीत नत्र किती आणि स्फुरद किती, हेक्टरचे एकर किती आणि एकराचे गुंठे किती, पाठीवरच्या पंपाला औषध किती मिली, हे सगळं तोंडी आलं पाहिजे.

पिकाचं ज्ञान शेतातलं विचारतात. ‘डोमकळी (कपाशीचं न उमलता गुलाबकळीसारखं मिटलेलं फूल) कशानं होते?’ या प्रश्नावर गुलाबी बोंडअळी हे उत्तर तर हवंच, शिवाय कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आले की नुकसानीची पातळी गाठली, एवढंही माहीत हवं. शेतकऱ्याच्या घरच्या मुलांना यातलं पुष्कळ येत असतं, पण मुलाखतीत ते ‘गावठी’ वाटेल म्हणून बोलत नाहीत. बोला. समोरचा अधिकारीही बहुधा एखाद्या गावातूनच आलेला असतो.

९. स्टायपेंड किती मिळतो?

शून्यापासून पुढे कितीही. सरकारी केंद्रांत सहसा काहीच मिळत नाही, उलट प्रशिक्षण शुल्क भरावं लागू शकतं (प्रश्न १० पाहा). कंपन्यांत रकमेपेक्षा प्रवासाचा प्रश्न मोठा असतो. स्वतःच्या मोटारसायकलवर रोज शंभर किलोमीटर फिरायचं आणि पेट्रोल स्वतःचं, असं असेल तर स्टायपेंडचा आकडा कितीही गोंडस असो, महिनाअखेरीला हातात काही उरत नाही. टीए-डीए वेगळा आहे का, मुक्कामाचं कोण बघतं, अपघात विमा आहे का, हे पत्रात लिहून मागा. शिष्यवृत्ती चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचा. एकाच काळात दोन ठिकाणचे पैसे घेण्यावर बंधन असू शकतं, आणि वसुलीचं पत्र पदवी हातात आल्यावरसुद्धा येतं.

१०. एक संस्था तीन हजार रुपये भरून ‘ऑनलाइन कृषी इंटर्नशिप’ देते, प्रमाणपत्रासह. घेऊ का?

नको. घरात बसून पंधरा दिवसांत मिळणाऱ्या प्रमाणपत्राला मुलाखतीत कुणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ‘काय केलंत?’ या प्रश्नावर तुमचीच पंचाईत. सरकारी संशोधन संस्थांचं शुल्क हा निराळा प्रकार. तिथे प्रयोगशाळेतली रसायनं आणि उपकरणं वापरायला मिळतात, पैसे संस्थेच्या खात्यात जातात आणि पावती मिळते. पावती कुणाच्या नावाची आहे हे बघितलं की सहसा खरंखोटं कळतं.

११. सरकारच्या योजनांतून एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला काही मिळतं का?

ज्या दोन योजनांबद्दल सगळे विचारतात त्या दोन्ही तुमच्यासाठी नाहीत. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४मध्ये सुरू झाली, तेव्हा महिना ५,००० रुपये आणि वय २१ ते २४ अशी अट होती. पण पूर्णवेळ शिक्षण घेणारे त्यात बसत नाहीत आणि पदव्युत्तर पदवीधारकही बसत नाहीत. म्हणजे एम.एस्सी. चालू असतानाही नाही आणि झाल्यावरही नाही. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनाही २०२४चीच. पदवीधर आणि पदव्युत्तरांना महिना १०,००० रुपये, वय १८ ते ३५. शिक्षण चालू असेल तर तीही मिळत नाही. पदवी पूर्ण झाल्यावर आणि नोकरी लागेपर्यंतच्या काळात मात्र तिचा विचार करता येतो. उपयोगी पडेल अशी तिसरी गोष्ट प्रश्न १८मध्ये आहे.

१२. ‘रिसर्च ट्रेनी’ म्हणून घेतलं आणि आता कृषी सेवा केंद्रांत औषधं खपवायला पाठवतात. हे चालतं का?

चालतं म्हणजे सर्रास घडतं, पण चालवून घेऊ नका. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीला पीक संरक्षणातल्या कंपनीनं डेमो प्लॉटची नोंद ठेवण्यासाठी नेलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या हातात विक्रीचं टार्गेट दिलं. तिनं मला सव्वा महिन्यानं सांगितलं, कारण ‘सर रागावतील’. मी रागावलो खरा, पण तिच्यावर नव्हे. पत्र काढून बघितलं तर कामाचं स्वरूप एका ओळीत होतं: ‘फील्ड ॲक्टिव्हिटी’. त्या दोन शब्दांत काहीही बसतं. आता मी मुलांना पत्रात तीन गोष्टी लिहून घ्यायला लावतो. काम नेमकं काय, ते कुणाच्या देखरेखीखाली, आणि विक्रीचं उद्दिष्ट नाही हे स्पष्ट वाक्य.

विक्रीचं काम कमी दर्जाचं, असं मात्र मी म्हणत नाही. दुकानाच्या काउंटरवर उभं राहिल्याशिवाय शेतकरी औषध कसं निवडतो हे कळत नाही. त्यात जायचं असेल तर खुशाल विक्रीचीच इंटर्नशिप मागा. फसवून करायला लावणं हा आक्षेप आहे.

१३. गाईड एनओसी देत नाहीत. काय करू?

त्यांची बाजू आधी समजून घ्या. प्लॉटवर तुम्ही नसलात की नोंदी बुडतात, आणि थिसिस रखडला की विभागप्रमुख तुम्हाला नाही, गाईडना विचारतात. म्हणून ‘सर, एनओसी द्या’ म्हणून दारात उभं राहू नका. एक कागद घेऊन जा. कोणत्या तारखेला कोणती निरीक्षणं आहेत, तुमच्या गैरहजेरीत ती कोण घेणार, आणि तुम्ही कोणत्या रविवारी येऊन जाणार. ज्या ज्युनियरला प्लॉट सोपवणार त्यालाही सोबत न्या. अशा कागदाला नकार मिळालेला मी क्वचितच पाहिला आहे. तरीही नकारच आला तर विभागप्रमुखांमार्फत सहयोगी अधिष्ठात्यांपर्यंत अर्ज करता येतो. पण थिसिसवर सही याच माणसाची लागणार आहे, हे विसरू नका.

१४. मुलगी आहे म्हणून घरचे फील्डला सोडायला तयार नाहीत.

हा फोन बहुतेक वेळा आईचा असतो, आणि काळजी रास्त असते. मी त्यांना तीन गोष्टी सांगतो. कंपनीत दुसऱ्या मुली आहेत का ते विचारा, मुक्काम तालुक्याच्या गावी ठेवा, आणि फील्डवर जाण्यासाठी कंपनीची गाडी लेखी मागा.

कायद्याची बाजू मुलींना स्वतःला माहीत हवी. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कायम नोकरांपुरता नाही, प्रशिक्षणार्थीही त्यात येतात. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. शेत, गाडी, मुक्कामाची जागा असं कामानिमित्त जिथे जाल ते सगळं ‘कामाचं ठिकाण’च असतं.

१५. फवारणीच्या ट्रायलवर काम आहे. काही धोका?

आहे, आणि तो विनोदाचा विषय नाही. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि डोळ्यांवर गॉगल हे कंपनीनं द्यायचं. मिळालं नाही तर त्या दिवशी फवारणी करायची नाही. पीक डोक्याच्या वर गेलं असेल, वारा समोरून येत असेल तरीही नाही. लेबलवरचा त्रिकोण वाचा, लाल असेल तर औषध अत्यंत विषारी. जवळचं शासकीय रुग्णालय किती अंतरावर आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, आणि औषधाच्या डब्यावरचं लेबल फोनमध्ये काढून ठेवा. डॉक्टर पहिली गोष्ट तीच मागतात.

१६. कंपनीतला डेटा थिसिसमध्ये वापरता येईल का?

लेखी परवानगी असेल तर. गोपनीयतेच्या करारावर तुम्ही सही केलेली असते आणि बहुतेकांनी तो वाचलेला नसतो. एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात, आणि कंपन्यांनाही ठाऊक नसते. कृषी विद्यापीठांचे थिसिस ‘कृषीकोश’ या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या भांडारात जातात, म्हणजे पुढेमागे कुणालाही वाचायला मिळू शकतात. कंपनीला एखाद्या प्रक्रियेवर पेटंट घ्यायचं असेल आणि तुमचा थिसिस आधी उघड झाला तर तिचं नावीन्यच संपतं. म्हणून वाणांची नावं सांकेतिक ठेवणं, ठरावीक काळ थिसिस उघड न करणं, किंवा तो भाग वगळणं, यांपैकी काय करायचं ते काम सुरू होण्याआधी ठरवा. थिसिस बांधून आल्यावर कंपनीचा वकील फोन करतो तेव्हा उशीर झालेला असतो. आयडियात बौद्धिक संपदेचे हक्क विद्यापीठाच्या आणि उद्योगाच्या नियमांप्रमाणे ठरतात, तेव्हा सामंजस्य करारातलं ते कलम मागून वाचा.

१७. कंपनीचं उत्पादन ट्रायलमध्ये खाली आलं. साहेब म्हणतात, ‘तेवढी ट्रीटमेंट काढून टाका.’

काढू नका. थिसिस किंवा आयडियाचा अहवाल असेल तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा. एक ट्रीटमेंट काढली की आकड्यांच्या सांख्यिकी पृथक्करणाचा तक्ताच बदलतो, आणि तोंडी परीक्षेला आलेला बाहेरचा परीक्षक प्लॉटचा नकाशा मागतो. कंपनीच्या अंतर्गत अहवालापुरतं असेल तर मूळ नोंदवही तुमच्या सहीनिशी जशीच्या तशी द्या, पुढे त्यांनी काय छापायचं ते त्यांचं. साहेबांना एक गोष्ट नम्रपणे सांगून बघा. एका हंगामाच्या एका ठिकाणच्या ट्रायलवरून उत्पादन वाईट ठरत नाही, तसं चांगलंही ठरत नाही. फरक क्रांतिक फरकापेक्षा कमी असेल तर ‘खाली आलं’ हेही खरं नसतं. बरेचदा एवढ्यावर वाद मिटतो.

१८. वडिलांच्या रोपवाटिकेत इंटर्नशिप केली तर?

सुट्टीतलं काम म्हणून करा, फायद्याचंच आहे. पण अनुभवाच्या दाखल्यावर वडिलांची सही बघून मुलाखतीतला माणूस हसतो. आयडियासाठी तर नकोच. कंपनीच्या बाजूचा सहमार्गदर्शक तुमचे वडीलच निघाले तर परीक्षक काय परीक्षा घेणार?

स्वतःचा धंदा करायचा असेल तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेतला नवउद्यमींसाठीचा कार्यक्रम बघा. त्यात दोन महिन्यांचं अभिमुखता प्रशिक्षण महिना १०,००० रुपये विद्यावेतनासह मिळतं, आणि पुढच्या टप्प्यांत कल्पना तपासून अनुदान देतात. रोपवाटिका वडिलांची असली तरी तिच्यातली तुमची नवी कल्पना घेऊन तिथे जाता येतं.

१९. मी एमपीएससीची तयारी करतोय. इंटर्नशिपमध्ये वेळ का घालवू?

परीक्षा चार-सहा महिन्यांवर असेल तर घालवू नका. एरवी महिनाभर द्या. अभ्यासिकेत तिसरं वर्ष काढणारे, हातात कामाचा एकही दाखला नसलेले माझे विद्यार्थी मला रस्त्यात भेटतात आणि नजर चुकवतात, म्हणून सांगतो. बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेला कृषीची पदवी पुरते, एम.एस्सी. लागत नाही. फक्त तीच द्यायची असेल तर एम.एस्सी. का करतोय, हा प्रश्नही एकदा स्वतःला विचारून बघा.

२०. मी नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला एम.एस्सी. करतेय. इंटर्नशिप नाशिकला येऊन करता येईल का?

येते. तिथला हिशेब वेगळा आहे. १२० क्रेडिटपैकी थिसिस साधारण ३६ आणि इंटर्नशिप २४. एक क्रेडिट म्हणजे २८ तास धरले तर ६७२ तास, म्हणजे चार महिने पूर्णवेळ. प्रश्न २ वाचून लक्षात आलं असेलच की जे तिथे अभ्यासक्रमाचा भाग आहे ते आपल्याकडे पर्याय आहे. नाशिकची कंपनी निवडताना देखरेख कोण करणार आणि मूल्यमापनाचा इंग्रजी फॉर्म कोण भरणार हे आधी पक्कं करा, आणि जानेवारी ते एप्रिल असा काळ धरा (कारण प्रश्न ५). नेदरलँड्समध्येच करायची असेल तर अभ्यासक्रमातल्या इंटर्नशिपला युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही वेगळा कामाचा परवाना लागत नाही, पण विद्यार्थी, विद्यापीठ आणि कंपनी यांचा तिहेरी करार ‘नफिक’ या तिथल्या शिक्षणविषयक संस्थेच्या नमुन्यात लागतो.

२१. इंटर्नशिप चालू असतानाच कंपनीनं नोकरी देऊ केली. थिसिस बाकी आहे. जाऊ का?

एम.एस्सी.ला किमान चार सत्रं पूर्ण करावी लागतात, त्याआधी सुटका नाही. चार सत्रं झाली असतील, प्रयोग संपला असेल आणि फक्त लिखाण राहिलं असेल तर कंपनीकडून रुजू होण्याची तारीख दोन महिने पुढे मागा. चांगल्या कंपन्या देतात. ‘नोकरी करत रात्री लिहीन’ असं म्हणून गेलेल्यांत खरंच लिहिणारा विरळा. पहिल्या हंगामात रात्री दहाला खोलीवर पोचल्यावर कुणाचाही लॅपटॉप उघडत नाही. जायचंच ठरलं तर निघण्याआधी मूळ नोंदवह्या, पृथक्करणाच्या फाइली आणि प्लॉटचे फोटो गाईडकडे एका प्रतीत ठेवा. गेल्या वर्षी एकाची बॅग बसमध्ये राहिली. दोन हंगामांच्या नोंदी तिच्यात होत्या. आगारात तीन दिवसांनी सापडली, ती केवळ वाहक ओळखीचा निघाला म्हणून.